सहा कोटी एकर निवडुंग आणि एक चोखंदळ अळी

ज्यांना कानाला हेडफोन लावण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवात गावाकडून करतो. गेल्या दिवाळीत सोलापूरकडे आमच्या गावी गेलो होतो. संध्याकाळी आण्णांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, गायरानाकडे फिरायला गेलो. लहानपणी मी तिथे गुरं चरताना बघितली होती. आता तिथे कमरेएवढं गाजर गवत. पांढऱ्या फुलांनी नुसतं भरलेलं. आण्णा म्हणाले, "आरं, ह्यानं समदं गायरान खाल्लं बघ. जनावर तोंड लावत नाही, आन् चुकून लावलंच तर दूध कडू."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रॉब्लेम दिसला की आधी सर्च करायचं, हा आमचा धर्म. रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि शोधता शोधता पोचलो थेट ऑस्ट्रेलियात, शंभर वर्षं मागे. तिथे चराऊ रानांवर आपल्या गायरानापेक्षा कितीतरी मोठं संकट आलं होतं आणि ते संपलंसुद्धा. कसं संपलं, त्याची ही गोष्ट.

सगळं सुरू झालं लाल रंगापासून. कोचिनील नावाचा एक छोटा किडा असतो. तो फड्या निवडुंगावर जगतो आणि त्याला चिरडलं की गडद लाल रंग मिळतो. अठराव्या शतकात या रंगाला प्रचंड भाव होता आणि त्याच्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ब्रिटिशांनाही तो हवा होता. त्यांच्या सैनिकांचे कोट लाल, हे आपल्याला सिनेमांमुळे माहीतच आहे. १७८७ मध्ये कॅप्टन आर्थर फिलिप कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियात वसाहत करायला निघाला, तेव्हा वाटेत ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोला त्याने निवडुंग आणि त्यावरचे किडे जहाजावर चढवले. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. पण निवडुंग तिथे पोचला.

आता गंमत बघा. हाच उद्योग भारतातही झाला. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या माणसाने ब्राझीलमधूनच कोचिनील किडे कलकत्त्याला आणले. ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, आता आपली चांदी! पण किडा चुकीचा निघाला. दिसायला तसाच, पण रंग हलक्या प्रतीचा. धंदा बुडाला. किडा मात्र इथल्या एका जातीच्या निवडुंगावर असा तुटून पडला की पुढे तो दक्षिण भारतात मुद्दाम नेला गेला आणि त्याने तिथला निवडुंग साफ केला. १८६० च्या दशकात तिथून तो सिलोनला गेला, तिथेही तेच घडलं. तणाचा बंदोबस्त करायला माणसाने किडा मुद्दाम वापरल्याच्या जगातल्या पहिल्या उदाहरणांमध्ये हे धरलं जातं. हा भारतातला किडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

चला परत ऑस्ट्रेलियात. फिलिपने आणलेल्या निवडुंगाने तिथे फार त्रास दिला नाही. त्रास दिला नंतर आलेल्या दुसऱ्या जातीने. तिचं नाव ओपुन्शिया स्ट्रिक्टा. १८३९ मध्ये एका कुंडीतून ती न्यू साउथ वेल्समधल्या स्कोनला गेली आणि १८४३ च्या सुमारास तिथून क्वीन्सलँडमध्ये चिंचिला गावाच्या परिसरात. लोकांनी हौसेने लावली. घराभोवती काटेरी कुंपण होतं, दुष्काळात जनावरांना काहीतरी हिरवं मिळतं, आणखी काय पाहिजे? आपल्याकडेही शेताच्या बांधाला निवडुंग याच हिशोबाने लावायचे.

पण या झाडाचा एक तुकडा जमिनीवर पडला तरी तो मूळ धरतो. वर लाल बोंडं लागतात. ती पक्षी खातात आणि बिया मैलोन् मैल टाकत जातात. पूर आला की तुकडे वाहत जातात. आणि ऑस्ट्रेलियात त्याला खाणारी, रोखणारी एकही कीड नव्हती. शत्रू सगळे मागे अमेरिका खंडात राहिले होते.

१९०० पर्यंत सुमारे एक कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली. १९२५ पर्यंत सहा कोटी एकर. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण साडेसात कोटी एकर आहे. म्हणजे आपल्या राज्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निवडुंगाने झाकलाय, असं डोळ्यांसमोर आणा. त्यातला निम्मा भाग इतका दाट की गाय आत शिरू शकत नाही. खाली गवत उगवत नाही. भुकेलं जनावर निवडुंगच खायला गेलं तर तोंडात, जिभेत काटे. ही सगळी गुरं-मेंढ्या चारायची रानं होती. कुटुंबं पिढ्यांची घरं सोडून निघून गेली, कारण जमीन साफ करण्याचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त येत होता.

लोक हात बांधून बसले होते का? अजिबात नाही. तोडलं, जाळलं, पुरलं. तोडलेले तुकडे परत उगवले. न्यू साउथ वेल्सने १८८६ मध्ये कायदा केला की निवडुंग काढणं ही जमीनमालकाची जबाबदारी. कायद्याने निवडुंग घाबरला नाही. क्वीन्सलँड सरकारने १९०१ मध्ये उपाय सांगणाऱ्याला पाच हजार पौंडांचं बक्षीस लावलं, १९०७ मध्ये ते दहा हजार केलं. कोणालाच मिळालं नाही. डुलाक्का इथे १९१२ मध्ये एक प्रयोग केंद्र काढलं आणि त्याची प्रमुख होती एक तरुण शास्त्रज्ञ, डॉक्टर जीन व्हाइट. १९१२ साली, बाई, रानात, केंद्रप्रमुख! तिने रसायनांमागून रसायनं तपासली. आर्सेनिकची संयुगं सगळ्यात प्रभावी ठरली. झाड मरायचं, पण आर्सेनिक म्हणजे जहाल विष आणि कोट्यवधी एकरांवर ते मारायला पैसा कुठून आणणार?

मग कोणीतरी वेगळा प्रश्न विचारला. हे झाड जिथलं आहे तिथे ते एवढं का माजत नाही? तिथे त्याला कोण खातं?

१९१२ ते १४ या काळात क्वीन्सलँडने दोन शास्त्रज्ञांना, हार्वी जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन यांना, जगभर फिरायला पाठवलं. निवडुंग खाणारे किडे शोधा, एवढंच काम. ते भारतात आणि सिलोनमध्येही आले आणि इथला तो कोचिनील किडा घेऊन गेले. आला की नाही परत? डुलाक्काला त्याला वाढवून सोडलं. त्याने निवडुंगाच्या एका जातीचा खरोखर फडशा पाडला. पण ती जात होती मोनाकँथा. ज्या स्ट्रिक्टाने लाखो एकर खाल्ले होते, तिला हा किडा शिवेना! दिसायला दोन्ही निवडुंगच, पण किड्याला फरक कळतो. अर्जेंटिनाहून त्यांनी एका पतंगाच्या अळ्याही आणल्या होत्या. त्या ब्रिस्बेनला आल्यावर मेल्या. वर पहिलं महायुद्ध सुरू झालं. विषय बंद.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे. किडा फक्त एकच जात खातो, हे वाचताना मला आधी अपयश वाटलं. नंतर कळलं, हाच तर त्याचा सगळ्यात मोठा गुण. जो किडा काहीही खातो तो निवडुंग संपल्यावर तुमची पिकं खाईल. आणि किडा एकदा रानात सोडला की परत बोलावता येत नाही. आमच्या कामात नवीन कोड बिघडला तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. इथे रोलबॅक नाही. म्हणून हवा होता तो जेवणाच्या बाबतीत प्रचंड नखरे करणारा किडा. फक्त त्याचा नखरा बरोबर आपल्या तणावर जुळला पाहिजे.

१९२० मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून निवडुंगासाठी खास मंडळ काढलं. त्यातला ॲलन डॉड हा कीटकशास्त्रज्ञ अर्जेंटिनाला गेला. १९२५ मध्ये तो एकोणतीस वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. त्याने अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या अळ्यांच्याच जातीच्या पतंगाची, कॅक्टोब्लास्टिसची, सुमारे तीन हजार अंडी जहाजाने पाठवली. या वेळी ती जगली. पुढच्या पिढीत लाखभर अंडी झाली, त्याच्या पुढच्या पिढीत पंचवीस लाखांच्या आसपास. त्याच वेळी तपासणी सुरू होती. अळ्यांना उपयोगी झाडांवर आणि पिकांवर उपाशी सोडायचं आणि बघायचं, खातात का? अळ्यांनी उपाशी मरणं पत्करलं, पण निवडुंगाशिवाय कशालाही धरलं नाही. मग १९२६ मध्ये त्या रानात सोडल्या.

या पतंगाची मादी अंड्यावर अंडं चिकटवत काडीसारखी रांग करते, लांबून निवडुंगाचा काटाच वाटावा अशी. नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेल्या अळ्या बाहेर पडल्या की सगळ्या मिळून एकाच ठिकाणी छिद्र पाडतात आणि आत शिरतात. आतून गर खातात. त्या जखमांमधून बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि उभं झाड सडून लगदा होतं. माणसाने वरून कापलं की तुकडे उगवायचे, अळीने आतून पोखरलं की उगवायला काही उरतच नाही.

चिंचिलाच्या केंद्रात अंड्यांच्या काड्या कागदाच्या तुकड्यांवर चिकटवून शेतकऱ्यांना वाटल्या गेल्या. त्यांनी ते कागद निवडुंगाला टोचायचे, बस. काही वर्षांत दोनशे कोटींहून जास्त अंडी वाटली गेली. १९३२ च्या सुमाराला जुनी दाट रानं कोसळली. मग खाणं संपल्यामुळे अळ्याही कमी झाल्या आणि मुळांपासून निवडुंग पुन्हा फुटला. लोकांच्या पोटात गोळा आला असणार. पण निवडुंग वाढला तशा अळ्याही परत वाढल्या आणि दुसऱ्या फेरीत त्यालाही त्यांनी खाली बसवलं. सोडून दिलेल्या जमिनींवर परत गुरं आली. चिंचिलाजवळ बूनार्गा गावात लोकांनी १९३६ मध्ये एक सभागृह बांधलं आणि त्याला या किड्याचं नाव दिलं, कॅक्टोब्लास्टिस मेमोरियल हॉल. एका अळीच्या नावाने सभागृह!

इथे टाळ्या वाजवून भाग संपवता आला असता. पण हीच अळी १९५७ मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडली गेली. तिथून सरकत ती १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडली. तिथे निवडुंग स्थानिक आहे, आणि पलीकडे मेक्सिकोत तर तो लोकांच्या ताटातली भाजी आहे. म्हणजे एका देशाची तारणहार दुसऱ्या देशाची डोकेदुखी. आणि ज्या क्वीन्सलँडने अळीची इतकी तपासणी केली, त्याच क्वीन्सलँडने १९३५ मध्ये उसातले भुंगे खायला विषारी केन टोड बेडूक आणून सोडले. बेडूक नखरे करत नाही, समोर येईल ते खातो. भुंगे राहिले बाजूला, बेडूक आजही पसरतोय.

आता परत आण्णांच्या गायरानात. गाजर गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५ मध्ये, पुण्यात. तेही अमेरिका खंडातलंच. आणि त्याच्यासाठीही नखरेबाज किडा शोधलेला आहे. झायगोग्रामा नावाचा मेक्सिकन भुंगा, १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडलेला. पिवळट पंखांवर तपकिरी नक्षी असते. पावसाळ्यात गाजर गवतावर नीट बघा, तो दिसेलही.

मग गाजर गवत का संपलं नाही? कारण निवडुंग वर्षानुवर्षं एका जागी उभा राहतो, अळीला सापडतो. गाजर गवताला पाऊस पडला की महिन्याभरातच फुलं येऊ लागतात आणि एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं. भुंगे कोरड्या दिवसांत जमिनीत झोपतात. ते उठून, वाढून भरपूर होईपर्यंत गवताने पुढच्या वर्षाची सोय केलेली असते. म्हणून इथे भुंगा एकटा पुरत नाही. फुलं येण्याआधी हातमोजे घालून उपटणं, मोकळ्या जागी तरवड किंवा टाकळा वाढू देणं, हे माणसांनाच करावं लागतं.

हे सगळं मी आण्णांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी किडा त्याचं काम करतोय. आपलंच ऱ्हायलंय." या वर्षी पहिला पाऊस पडला की सुट्टी टाकून गावी जायचं ठरवलंय, फुलं यायच्या आत. तुमच्या गावच्या गायरानात काय उगवलंय ते नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!