फक्त कार्बोरेटर साफ करायला हवा

अमेरिकेत जुनी डर्ट बाईक शोधायला लागलात, तर जाहिरातींमध्ये एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: 'ठेवली तेव्हा चालू होती, फक्त कार्बोरेटर साफ करायला हवा.' त्यातल्या 'फक्त'कडे जरा बघा. विकणाऱ्याने तुमच्याबद्दल तीन गोष्टी गृहीत धरल्यात. पहिली, हा भाग घरी उघडता येतो आणि उघडल्यावर कळतोही. दुसरी, तो उघडायला तुमच्याकडे जागा आहे. आणि तिसरी, हात काळे करायची तुम्हाला लाज वाटत नाही.

या तिन्ही गोष्टींना इतिहास आहे. पॉडकास्टवर आपण मोटोक्रॉसबद्दल बोललो तेव्हा हा धागा अर्धाच राहिला होता. तो इथे पूर्ण करू.

आधी यंत्र

पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही. ते हवेत बारीक फवाऱ्यासारखं मिसळावं लागतं, आणि तेही प्रमाणात. साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा. हे प्रमाण सांभाळणं हे कार्बोरेटरचं काम.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेत, म्हणजे जेवढी वाफ होईल तेवढी. १८९३ मध्ये बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला. त्यामागचं विज्ञान मात्र बरंच जुनं होतं. बर्नुलींचं द्रवगतीवरचं पुस्तक १७३८ चं, आणि निमुळत्या नळीतल्या प्रवाहावरचं व्हेंचुरी यांचं काम १७९७ चं.

तत्त्व असं: नळी मध्ये अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. खाली एका वाटीत पेट्रोल असतं, त्यावर बाहेरच्या हवेचा नेहमीचा दाब असतो. दाबांच्या या फरकामुळे पेट्रोल एका बारीक भोकातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. वाटीतली पातळी कायम ठेवायला एक फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. तेच यंत्र, फक्त मुठीत मावेल एवढं. ते भोक ज्या छोट्या पितळी स्क्रूमध्ये पाडलेलं असतं त्याला जेट म्हणतात.

ना पंप, ना वायर, ना कॉम्प्युटर. सगळं काम हवेच्या दाबावर चालतं. म्हणूनच पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला माणूस ते उघडून, बघून, समजून घेऊ शकत होता.

मग डर्ट बाईकच का?

रस्त्यावरच्या गाडीचा कार्बोरेटर कारखान्यात लावून दिला की बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तसाच राहतो. डर्ट बाईकचं तसं नसतं. आज ती समुद्रकिनाऱ्याजवळच्या वाळूत असते, पुढच्या आठवड्यात कोलोरॅडोच्या डोंगरात. डेन्व्हरला, म्हणजे सुमारे १,६०० मीटर उंचीवर, हवा साधारण १५ टक्क्यांनी विरळ असते. जेट तेच ठेवलं तर पेट्रोल जास्त होतं आणि गाडी धूर सोडत घुसमटते. उलट, कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते आणि पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोक इंजिनात हे जास्त धोक्याचं, कारण तिथे वंगणाचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो.

त्यामुळे डर्ट बाईक बनवणाऱ्याला एक निर्णय मालकावर सोडावाच लागला: आज, इथे, या हवेत किती पेट्रोल द्यायचं? थ्रॉटल जेमतेम उघडलेलं असताना पायलट जेट, मध्ये सुईची उंची, आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेट. या तीन ठिकाणी मालक हात घालू शकत होता. कीहिनच्या मेन जेटवरचा १७८ हा आकडा म्हणजे साधारण १.७८ मिलिमीटरचं भोक. एक आकडा खाली किंवा वर, आणि गाडीचा स्वभाव बदलतो. बरोबर झालं की नाही हे स्पार्क प्लग सांगतो: काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडलेला म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे ठीक.

हा निर्णय लाखो अमेरिकन घरांत पोचला तो साधारण १९६८ ते १९७५ या काळात. १९६८ मध्ये यामाहाने अमेरिकन बाजार डोळ्यांसमोर ठेवून डीटी-१ आणली: २५० सीसी, टू-स्ट्रोक, मिकुनीचा कार्बोरेटर. १९७१ मध्ये ब्रूस ब्राऊन यांचा 'ऑन एनी संडे' हा माहितीपट आला आणि कच्च्या रस्त्यांवर गाडी उडवणं हा घरगुती छंद वाटू लागला. १९७३ चं मॉडेल म्हणून होंडाची एल्सिनोर आली. एरवी फोर-स्ट्रोकवरच विश्वास ठेवणाऱ्या होंडाने मोटोक्रॉससाठी टू-स्ट्रोक बनवली, इतका हा बाजार मोठा झाला होता. सोबत क्लायमरसारख्या प्रकाशकांची दुरुस्तीची पुस्तकं होती, एकेका मॉडेलची, फोटोंसकट.

घर कुणाचं, हात कुणाचे

इथे जरा थांबू. 'घरी दुरुस्ती' म्हणताना आपण 'घरी' हा शब्द पटकन वाचून पुढे जातो. तो शब्द म्हणजे उपनगरातलं स्वतःचं घर, त्याला जोडलेलं गॅरेज, आणि शनिवार-रविवार मोकळा. हे सगळं युद्धानंतरच्या अमेरिकेत एका ठरावीक वर्गाला, आणि घरकर्जातल्या वर्णभेदामुळे बहुतांशी गोऱ्या कुटुंबांना मिळालं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला पार्किंगमध्ये गाडी उघडायची परवानगी आजही सहसा नसते. तुमच्यापैकी अनेकांनी तो करार सही करून ठेवलेला असेल. काढून बघा.

आता आपल्याकडे वळू, कारण कार्बोरेटर आपल्याही घरी होताच. बजाजची स्कूटर सुरू करण्याआधी एका बाजूला तिरकी करायची, ही गोष्ट तुम्ही आईबाबांकडून ऐकली असेल. 'पेट्रोल पुढे येतं' असं म्हणत. आरएक्स १०० चा आवाज ओळखणारा एक तरी काका प्रत्येकाच्या नात्यात असतो. पण गाडी बंद पडली की आपण काय करायचो? प्लग काढून पुसायचा, तो जाग्यावर बसवून चार किका मारायच्या, आणि नाहीच झाली तर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात. तिथला मिस्त्री म्हणायचा, "कचरा अडकलाय साहेब, अर्ध्या तासाने या."

म्हणजे अमेरिकेत जो निर्णय मालकाच्या हातात होता, तो आपल्याकडे मिस्त्रीच्या हातात होता. आणि मिस्त्रीचं ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते कानात आणि बोटांत होतं, आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याकडे बघून बघून जायचं. मजुरी स्वस्त होती हे एक कारण. दुसरं कारण आपण मोठ्याने बोलत नाही: शिकलेल्या घरात हात काळे करणं कमीपणाचं मानलं जायचं. कुणी कुठलं काम करायचं हे आपल्याकडे जातीने ठरवलं होतं, आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला मुलगाही कार्बोरेटर उघडायला दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा. दोन देश, दोन वेगळ्या भिंती. पण ज्ञान कुणाच्या हातात राहणार हे दोन्हीकडे पितळी जेटने ठरवलं नाही, समाजाने ठरवलं.

सीलबंद स्क्रू

मग हा निर्णय मालकाकडून आणि मिस्त्रीकडून गेला कुठे? याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. जुलै १९४३ मध्ये शहरावर इतका दाट, डोळे झोंबवणारा धूर पसरला, की काहींना तो जपानचा हल्ला वाटला. १९५० च्या सुमारास कॅल्टेकमधल्या आरी हागन-स्मित यांनी दाखवलं की न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची संयुगं उन्हात एकत्र आली की हा धूर तयार होतो. कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ १९६७ मध्ये आलं, देशाचा स्वच्छ हवेचा मोठा कायदा १९७० मध्ये, आणि मोटरसायकलींना पहिली राष्ट्रीय मर्यादा लागली १९७८ च्या मॉडेलपासून.

त्यानंतर रस्त्यावरच्या मोटरसायकलींवर एक बारीक बदल दिसू लागला: मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूवर धातूचं छोटं बूच ठोकलेलं. कारखान्याने लावलंय, हात लावू नका. १९९० च्या दुरुस्तीने कायदा आणखी पुढे गेला. प्रदूषण रोखणाऱ्या भागांशी छेडछाड करण्यावरची बंदी आधी कंपन्या, विक्रेते आणि गॅरेजवाल्यांना होती, ती आता कुणाही व्यक्तीला लागू झाली. म्हणजे स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःची गाडी उघडणाऱ्यालाही.

मालकाचं स्वातंत्र्य गेलं असं म्हणून इथे हळहळणं सोपं आहे. पण जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त पेट्रोल न जळताच बाहेर पडायचं. ते कुणाच्या तरी फुप्फुसात जायचं, आणि त्या माणसाला जेट निवडायला कुणी विचारलं नव्हतं. स्क्रूवरचं बूच हा त्या माणसाच्या वतीने घेतलेला निर्णय होता.

डर्ट बाईकला मात्र सूट मिळत राहिली. कच्च्या वाटांवरच्या गाड्यांना राष्ट्रीय मर्यादा २००६ पासून लागू व्हायला लागल्या, आणि केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्या त्यातूनही वगळल्या. म्हणून कारमधून कार्बोरेटर गेल्यावरही तो मोटोक्रॉसमध्ये टिकला, इतकंच नाही तर तिथे त्याचा कळस झाला. १९९८ च्या यामाहा वायझेड ४०० एफवरचा कीहिन एफसीआर बघा: थ्रॉटल झटक्यात उघडलं तर पेट्रोलची जास्तीची पिचकारी मारणारा छोटा पंपसुद्धा त्यात होता. दहाच वर्षांनी, २००८ च्या मॉडेलमध्ये, सुझुकीच्या आरएम-झेड ४५० मध्ये इंधन इंजेक्शन आलं. २०१० पर्यंत कावासाकी, होंडा आणि यामाहाच्या ४५० सीसी गाड्याही तिकडे गेल्या. भारतात १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास संपला. २०२१ मध्ये कीहिन कंपनीच हिताची ॲस्टेमोमध्ये विलीन झाली.

आज किती पेट्रोल द्यायचं हे सेन्सर आणि सॉफ्टवेअर ठरवतं. उंची बदलली की ते स्वतःच जुळवून घेतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा चांगलं जुळवून घेतं. पण बूच आता पितळी स्क्रूवर नाही, प्रोग्रॅमवर आहे. स्वतःच्या गाडीतलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडणं हा कॉपीराइटचा भंग नाही, एवढं कबूल करून घ्यायला २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून खास सूट मिळवावी लागली. हवेसाठी घातलेलं कुलूप समजू शकतं. कंपनीच्या सोयीसाठी घातलेलं कुलूप ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, आणि म्हणून दर वेळी विचारावं लागतं: हे कुलूप कुणासाठी?

तर, उघडायचा का?

उघडा, जागा मिळाली तर. मित्राचं गॅरेज असेल तर मित्राला सोबत घेऊन. इतिहास कळला की दुरुस्तीही कळते. अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोलमध्ये आज १० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यामागे २००५ चा ऊर्जा कायदा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ॲल्युमिनियमच्या वाटीत पांढरट थर धरतो, आणि जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ पायलट जेटच्या भोकात बसतो. ते भोक बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं. म्हणूनच गाडी चोकवर सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते.

पेट्रोलची कॉक बंद करा, गॅरेजचं दार उघडं ठेवा, आणि जवळ ज्योत असलेला वॉटर हीटर नाही ना ते बघा. काढलेला प्रत्येक भाग फोटो काढून क्रमाने मांडा. जेट उजेडाकडे धरा. भोकातून उजेड गोल दिसला पाहिजे. तारेने खरवडू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की आकड्याला अर्थ उरत नाही. क्लीनर मारा, हवेच्या दाबाने फुंका, पुन्हा उजेडाकडे धरा.

आणि पुढच्या वेळी पुण्याला किंवा कोल्हापूरला गेलात, तर कोपऱ्यावरच्या त्या गॅरेजात जरा वेळ बसा. तिथल्या मिस्त्रीकाकांना विचारा, नुसत्या आवाजावरून जेट कसं ओळखता. फोन रेकॉर्डिंगला लावायचा का, हेही विचारा. अमेरिकेतल्या मालकासाठी क्लायमरने पुस्तक छापलं. त्यांच्या कानातलं पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही, आणि ज्या गाड्यांवर ते ज्ञान तयार झालं त्या आता रस्त्यावर कमी कमी होत चालल्या आहेत.