एका फेब्रुवारीची गोष्ट

मानहाइमला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हायडेलबर्गचा जुना पूल दाखवणे हे माझं ठरलेलं काम आहे. ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं लागतात, फोटो छान येतात, पाहुणे खूश. दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून मामा आले होते, त्यांनाही नेलं. बाकीचे लोक तिथे पुलाजवळच्या ब्रॉन्झच्या माकडाबरोबर फोटो काढतात. मामा मात्र दगडावर कोरलेल्या पुराच्या खुणा बघत उभे राहिले. सगळ्यात वरची खूण १७८४ ची. आत्ताचा दगडी पूल बांधून झाला १७८८ साली, म्हणजे ती खूण पुलापेक्षा जुन्या पाण्याची. त्याआधीचा छप्पर असलेला लाकडी पूल त्याच पाण्यात गेला.

मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, एवढं पाणी येणार हे यांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

चिपळूणचा माणूस हा प्रश्न सहज विचारत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे मामांच्या घरात पाणी शिरलं. २००५ साली उंबऱ्यापाशी थांबलं होतं, या वेळी माडीच्या जिन्याची चौथी पायरी बुडाली. मामी आणि ते दिवसभर माडीवर अडकून होते, आणि मी इथे फोन लागत नाही म्हणून येरझाऱ्या घालत होतो.

मी तेव्हा "अडीचशे वर्षांपूर्वी कोण सांगणार, मामा?" असं म्हणून मोकळा झालो. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की उत्तर इतकं सोपं नाही. कारण त्या फेब्रुवारीत जगातलं सगळ्यात चांगलं हवामान-नोंदींचं जाळं जिथून चालत होतं ते गाव हायडेलबर्गपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे. आमचंच मानहाइम!

तेव्हा जर्मनी नावाचा देश नव्हताच. तीनशेच्या आसपास लहानमोठी राज्यं, प्रत्येकाचा जकातनाका वेगळा, नाणं वेगळं. त्यातल्या एकाचा राजा कार्ल थिओडोर. १७७७ च्या शेवटी त्याला बव्हेरिया वारशाने मिळालं आणि पुढच्या वर्षी सगळा दरबार घेऊन तो म्युनिकला गेला. मानहाइम ओस पडलं. पण जाताना गावाची समजूत घातल्यासारख्या काही संस्था त्याने मागे ठेवल्या, आणि १७८० मध्ये एका नव्या संस्थेला पैसे दिले, ती म्हणजे हवामान संस्था. तिचा चिटणीस योहान याकोब हेमर हा दरबारचा धर्मगुरू. हा माणूस मोठा खटपट्या. गावोगावी इमारतींवर विजेचे संरक्षक दांडे बसवत फिरायचा.

हेमरने काय केलं, तर बॅरोमीटर, थर्मामीटर आणि हंसाच्या पिसाच्या नळीपासून केलेलं आर्द्रतामापक अशी एकसारखी यंत्रं बनवून घेतली, एकमेकांशी ताडून पाहिली आणि मठांना, विद्यापीठांना, विद्वानांना फुकट पाठवली. सोबत छापील तक्ते. नोंद रोज तीन वेळा, सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ वाजता, प्रत्येकाने आपल्या गावच्या घड्याळाप्रमाणे. बर्लिन, एरफुर्ट, ग्योटिंगेन, प्राग, कोपनहेगन, रोम, मॉस्को, आणि अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स, अशी चाळीसच्या आसपास ठाणी. आल्प्सच्या पायथ्याशी होएनपायसेनबर्ग नावाच्या टेकडीवर मठातल्या साधूंनी १ जानेवारी १७८१ ला नोंदी सुरू केल्या. मधले थोडेफार खंड सोडले तर त्या आजही चालू आहेत. (हेमरच्या या वेळांना इथे 'मानहाइमचे तास' म्हणतात आणि जर्मन हवामान खात्याने त्या, नंतर अर्ध्या तासाने पुढे सरकवून, २००१ पर्यंत वापरल्या. इंजिनिअर माणसाला यापेक्षा सुखाची गोष्ट कुठली? एखादं स्टँडर्ड दोनशे वर्षं टिकावं!)

आता त्या हिवाळ्याकडे येऊ. ८ जून १७८३ ला आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखी फुटला आणि आठ महिने धुमसत राहिला. त्याचं गंधकी धुकं जूनच्या मध्यापर्यंत जर्मनीभर पसरलं. हेमरच्या माणसांनी सूर्य तांबडा आणि निस्तेज दिसत असल्याच्या नोंदी केल्या. कारण काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतरचा हिवाळा भयंकर थंडीचा गेला. ही थंडी लाकीमुळे की वाऱ्यांच्या नेहमीच्या लहरीमुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात पाऊस हुकून 'चालिसा' दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० म्हणून हे नाव. तिथेही काही जण लाकीकडे बोट दाखवतात, काही एल निनोकडे. असो.

डिसेंबर १७८३ च्या अखेरीपासून बर्फ साचत गेलं. ऱ्हाइन, नेकार, माइन, एल्ब, सगळ्या नद्या गोठल्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थंडी हटली नाही. आणि मग चार-पाच दिवसांत सगळं उलटलं. पश्चिमेकडून उबदार वारा आला आणि साचलेल्या बर्फावर पाऊस पडला.

यात खरा धोका वितळलेल्या पाण्यापेक्षा बर्फाच्या लाद्यांचा असतो. नदीची पातळी वाढली की गोठलेला पृष्ठभाग वर उचलला जाऊन फुटतो. त्या लाद्या वाहत जाऊन वळणावर किंवा पुलाच्या खांबांना अडकतात, एकावर एक चढतात आणि नदीत आपोआप धरण तयार होतं. मागे पाणी तुंबतं. मग ते धरण फुटतं आणि पाणी, बर्फ, ओंडके सगळं एकदम पुढच्या गावावर जाऊन आदळतं.

२७ फेब्रुवारीला हायडेलबर्गचा पूल गेला. त्याच दिवशी बांबेर्गमध्ये बाल्टाझार नॉयमानने बांधलेला दगडी पूल कोसळला. त्याच सुमारास प्रागच्या प्रसिद्ध पुलाची मोडतोड झाली. २८ तारखेला कोलोनला ऱ्हाइनची पातळी १३.५५ मीटरला गेली. तिथे सरासरी पातळी साधारण साडेतीन मीटर असते. १९९५ चा मोठा पूर १०.६९ वर थांबला होता आणि आजच्या पूरभिंती ११.३० ते ११.९० मीटरसाठी आहेत, यावरून कल्पना करा. कोलोनमध्ये साठाहून अधिक माणसं गेली, समोरच्या काठावरचं म्युल्हाइम गाव जवळजवळ संपलं. बॉनमध्ये ऱ्हाइनजवळच्या गल्लीत राहणाऱ्या बेथोवेन कुटुंबाला शिड्या आणि फळ्यांवरून घराबाहेर पडावं लागलं. लुडविग तेव्हा तेरा वर्षांचा होता. तिकडे येनाला पूर आला म्हणून गटे, जो तेव्हा वायमारच्या दरबारी मंत्री होता, मदतीची व्यवस्था बघायला धावला.

प्रत्येक गावाच्या इतिहासात हा पूर 'आमचा' म्हणून लिहिलाय. नेकारवाल्यांचा नेकारचा, एल्बवाल्यांचा एल्बचा. हे सगळं एकाच हवेचं काम आहे, हे त्या दिवशी कुणालाच दिसलं नाही. आणि तरी ते लिहिलं जात होतं! बॅरोमीटर कुठे कधी उतरला, वारा कधी फिरला, थर्मामीटर शून्यावर कधी गेला, हे सगळं ठिकठिकाणचे साधू आणि प्राध्यापक सकाळी ७, दुपारी २, रात्री ९ ला तक्त्यात भरत होते. मग ते तक्ते टपालगाडीने मानहाइमला यायचे आणि त्यांचे जाड लॅटिन ग्रंथ छापून व्हायचे, तेही दोनेक वर्षांनी. घोडेस्वाराच्या वेगाने बातमी जाणार आणि जवळपास त्याच वेगाने पाणी जाणार, मग पुढच्या गावाला सांगणार कोण?

हेमर १७९० मध्ये वारला. पाठोपाठ फ्रेंचांशी युद्ध, मानहाइमवर तोफांचा मारा, आणि संस्था बुडाली. ग्रंथ तेवढे उरले. १८१६ मध्ये ब्रेसलाऊचा (आता हे पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) प्राध्यापक ब्रांडेस याला सुचलं की याच नोंदी घेऊन १७८३ च्या प्रत्येक दिवसाचा नकाशा काढावा, म्हणजे एकाच दिवशी कुठे काय हवा होती ते नजरेसमोर येईल. आपण रोज बघतो त्या हवामान-नकाशाची सुरुवात ही अशी, तेहतीस वर्षांच्या शिळ्या आकड्यांवर. मला गंमत याची वाटते की हा ब्रांडेस प्राध्यापक होण्याआधी वेझर नदीच्या मुखाशी बंधाऱ्यांचा निरीक्षक होता. पाणी बघत बसण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. वेग यायला तारायंत्राची वाट पाहावी लागली.

आणि वेग आल्यावर? १४ जुलै २०२१ च्या रात्री, म्हणजे चिपळूणच्या आठवडाभर आधी, ऱ्हाइनला मिळणाऱ्या आर या छोट्या नदीच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. प्रचंड पावसाचा अंदाज दोन दिवस आधीपासून होता. नकाशावर सगळं दिसत होतं, पण बऱ्याच घरांपर्यंत पोचलं तेव्हा पाणी अंगणात आलेलं होतं.

हे सगळं मी मामांना नंतर फोनवर सांगितलं. ते शाळामास्तर होते, निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेआठला गच्चीतल्या मापात पाऊस मोजून वहीत लिहितात. हेमरची गोष्ट त्यांना फार आवडली. म्हणाले, "म्हणजे तो पण नुसता वहीतच लिहीत होता म्हण ना!"

घाटाच्या बाजूला शिरगावला त्यांचा एक जुना विद्यार्थी राहतो. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्याकडेही तसंच माप आहे. जोराचा पाऊस लागला की तो मामांना दर तासाला आकडा कळवतो, रात्री दोन वाजतासुद्धा. मग मामा गल्लीतल्या सात घरांना फोन करतात. मामी म्हणतात, झोपेचं खोबरं झालंय.