भूकंप जाणवला का? लखनऊमधील सामान्यांच्या नोंदी का मोलाच्या

लखनऊ : २० ऑगस्ट २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर १ वाजून १२ मिनिटांनी लखनऊला भूकंपाचा धक्का जाणवला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या माहितीनुसार त्याचे परिमाण ५.२ होते आणि केंद्र शहराच्या उत्तर-ईशान्येस १३९ किलोमीटरवर, ८२ किलोमीटर खोलीवर होते. अशा प्रत्येक धक्क्यानंतर 'तुम्हालाही जाणवला का?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे नेमके उत्तर विज्ञानाच्याही उपयोगी पडते.

भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार लखनऊ भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात मोडते. खरा धोका उत्तरेकडील हिमालयात आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेल्या ७.८ परिमाणाच्या आणि ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळमधील जाजरकोट येथील ६.४ परिमाणाच्या भूकंपाचे धक्के या शहरापर्यंत पोहोचले होते. गंगेच्या खोऱ्यातील गाळाचे जाड थर भूकंपलहरींचे कंपन वाढवू शकतात.

परिमाण आणि तीव्रता यांत फरक आहे. परिमाण भूकंपातून मुक्त झालेल्या ऊर्जेशी निगडित असून एका भूकंपासाठी ते एकच असते. ते एकाने वाढले की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तीव्रता मात्र ठिकाणानुसार बदलते. मर्काली श्रेणीच्या १२ पायऱ्यांवर ती ठरवताना झोपलेले लोक जागे झाले का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, भिंतींना तडे गेले का, हे पाहिले जाते. यंत्रे मोजक्या ठिकाणी असतात, माणसे सर्वत्र; त्यामुळे या माहितीसाठी सामान्यांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

ही पद्धत जुनी आहे. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी ठिकठिकाणचे वृत्तांत जमवून १८९९ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. याच संस्थेच्या उत्तर विभागाचे मुख्यालय आज लखनऊमध्ये आहे. आता अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण जगभरातील लोकांकडून अशा नोंदी संगणकाद्वारे स्वीकारते. हौशी निरीक्षकांसाठी 'रास्पबेरी शेक'सारखी छोटी कंपनमापकेही मिळतात. प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातील प्रत्येक सेकंदाच्या फरकामागे केंद्र साधारण ८ किलोमीटर दूर असते. मात्र एका यंत्रावरून केवळ अंतराचा अंदाज येतो. केंद्र निश्चित करण्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात.

महाराष्ट्राचा अनुभव या नोंदींचे मोल आणि मर्यादा दोन्ही दाखवतो. किल्लारी परिसरात १९९२ च्या अखेरीस लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे विनाशकारी भूकंप झाला. याउलट पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका जाणवली, पण तिच्यामागून तसा मोठा भूकंप आला नाही. लहान धक्क्यांवरून पुढील भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगता येत नाही.

अफवा नेमक्या याच टप्प्यावर जन्म घेतात. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर 'नासा'च्या नावाने पुढील धक्क्याची वेळ सांगणारे खोटे संदेश उत्तर भारतात पसरले आणि प्रशासनाला खुलासे करावे लागले. धक्क्याची वेळ, ठिकाण, इमारतीचा मजला आणि प्रत्यक्ष काय हलले, एवढी नोंद उपयुक्त ठरते. मजला महत्त्वाचा, कारण दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लहरी उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतात. तळमजल्यावरील शेजाऱ्याला त्याच वेळी काहीच कळलेले नसते. म्हणूनच 'जाणवले नाही' हीदेखील नोंदच आहे.