डनलॉपसाहेब, बैल आणि आमचा मेहुणा

माणूस ओळखायचा तर त्याच्या चपला पाहाव्यात, असं आमचे वडील म्हणत. तोंडाला पावडर लावता येते, टाचेची झीज लपवता येत नाही. बँकेत कारकुनी करताना मला हा नियम कधी वापरता आला नाही, कारण गिऱ्हाईकाच्या चपला काउंटरच्या पलीकडे असतात. मोटारीला मात्र तो तंतोतंत लागू पडतो, हे मेहुण्यानं शिकवलं.

गेल्या दिवाळीत तो पुण्याहून बीडला आला तो एक जुनी, लालभडक, छप्पर मागे दुमडणारी दोन माणसांची गाडी घेऊन. “दाजी, स्पोर्ट्‌स कार आहे!” गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. रंगावर, भोंग्यावर, सीटच्या कातड्यावर त्यानं हात सैल सोडला होता. टायर मात्र जुनेच. “अजून वर्षभर निघतील,” तो म्हणाला. हे वाक्य ऐकून मी दचकलो. आमचे थकबाकीदार याच सुरात “पुढच्या महिन्यात नक्की” म्हणतात.

टायरचा इतिहासच मुळी थकबाकीचा आहे. उन्हाळ्यात पाघळणारं आणि थंडीत तडकणारं रबर गंधक घालून तापवलं की टिकाऊ होतं, हे अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली शोधलं. बिचारा कर्जापायी अनेकदा तुरुंगात गेला आणि १८६० साली वारला, तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं देणं होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ साली, दुसऱ्यांनी काढलेली. नाव त्याचं, नफा भलत्याचा. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट टॉमसननं १८४५ सालीच घेतलं होतं, पण जग ते विसरून गेलं. मग १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली आणि पेटंट घेतलं. पुढे टॉमसनचा जुना कागद सापडला आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं. एका कागदानं काम अडणं ही काही फक्त आमच्या बँकेची पद्धत नव्हे.

या डनलॉपचा धंदा कुठला? तो गुराढोरांचा डॉक्टर होता! म्हणूनच की काय, त्याचं नाव आमच्याकडे मोटारीपेक्षा बैलाच्या पाठीमागे जास्त फिरलं. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवत. लालबुंद तापवायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आकसली की चाक आवळून धरते. पण खडकाळ बालाघाटात धावेचा प्रत्येक दणका बैलाच्या मानेवर यायचा. मग रबरी चाकांची गाडी आली. तिला कोणी डनलॉप म्हणतं, कोणी टायरगाडी. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग आणखी निघाले, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली कुटुंबं ऊस तोडायला पश्चिमेकडे जाऊ लागली. फडातून कारखान्यापर्यंत दोन-दोन टन ऊस टायरगाडीवर जातो. खुद्द बीड शहराला रेल्वे मिळाली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर या शहराचं सगळं ओझं रबरानंच वाहिलं.

असो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा मला मांजरसुंब्याच्या घाटात फिरवायला घेऊन गेला. अवकाळी पावसाची सर आली. वळणावर त्यानं ब्रेक मारला, गाडीनं मात्र मानला नाही. अर्धी गिरकी घेऊन ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या क्षणी मला घरचे सगळे देव आणि विम्याचे सगळे हप्ते आठवले.

पुढे ऊसतोड्यांच्या टोळीचा ट्रक उभा होता. माणसं धावत आली. एका म्हाताऱ्यानं टायरवरून हात फिरवला.

“मधी गुळगुळीत, कडंला नक्षी. हवा लई भरता, साहेब.”

“कडक हवेवर गाडी मस्त पळते,” मेहुणा म्हणाला.

“पळती बी अन् घसरती बी. आमची हवा कमी झाली की बैलाच्या खांद्याला कळतं. तुमच्या गाडीला खांदा न्हाई, म्हून कळंना.”

टायरशास्त्राचं सार एवढंच. हवा जास्त असली की टायर मधे झिजतो, कमी असली की दोन्ही कडांना. प्रत्येक चाकाखाली रस्त्याला टेकतं ते तळहाताएवढं रबर. चार तळहातांवर आपला संसार. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली तर तो कायद्यानंही बाद. शिवाय रबर उभ्याउभ्याही म्हातारं होतं. ही उलटी मुदत ठेव आहे, जितकी ठेवाल तितकी घटते. बाजूला जन्मतारीख असते. मेहुण्याच्या टायरवर २३११ हे चार आकडे होते, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा!

म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, “साहेब, वळखलं न्हाई?”

ओळखलं. पावसाळ्यात बैलासाठी कर्ज मागायला आला होता. एक कागद कमी होता. मी “सोमवारी या” म्हणालो होतो. त्या सोमवारी दुसरा कागद कमी निघाला आणि पुढच्या सोमवारी तिसरा.

“मग बैल घेतला का?”

“घेतला की. मुकादमाकडून उचल वाढवून.”

म्हणजे यंदाचा हंगाम, आणि जमलं नाही तर पुढचाही, ती उचल फेडण्यात जाणार. तो रागावला नव्हता. त्यानं उलट आमची गाडी ढकलून सरळ करून दिली. मला मात्र कळलं, की आमच्या टेबलालाही खांदा नसतो.

मेहुण्यानं बीडमध्येच चार नवे टायर घेतले. बाजूवर लिहिलेलं माप, १५५/७० आर १३, जसंच्या तसं. म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, उंची तिच्या ७० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १३ इंची रिम. आता तो पंधरा दिवसांनी, चाकं थंड असताना, गाडीच्या दाराशी लिहिलेल्या आकड्याइतकीच हवा भरतो.

मीही काउंटरवर एक पाटी लावली आहे. लागणारे सगळे कागद, एकाच यादीत, ठळक अक्षरांत. टोळ्या उन्हाळ्यात परत येतात. त्यांच्यासाठी एक सोमवार मी मोकळा ठेवला आहे.