मोगलाईत पळालेली लेकरं

आमच्या आजीचं माहेर बार्शी तालुक्यातलं, परांड्याच्या वाटेवरचं. गावचा ओढा ओलांडला की मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. कर्ज बुडवणारे, मारामारी करून आलेले, पोलिसांचा ससेमिरा लागलेले लोक ओढ्यापलीकडे पळायचे हे आम्ही ऐकून होतो. लेकुरवाळ्या बायाही पळायच्या हे आजीनं सांगितलं, तेव्हा आम्हा पोरांना हसू आलं. आजी हसली नाही.

"देवी काढणारा बार्शीतनं निघाला की त्याच्या घोड्याआधी बातमी गावात," ती म्हणायची. मग पोरं काखेला मारून, भाकरीचं गठुळं डोक्यावर घेऊन बाया ओढा ओलांडत. पलीकडे कुणा सोयऱ्याच्या वस्तीवर दोन रात्री काढत आणि डॉक्टर पुढच्या गावाला गेला की परत. तसं पाहिलं तर निजामाच्या राज्यातही लस टोचत होतेच. पण तिकडचा टोचणारा इकडच्या पोरांची नावं मागत नव्हता, एवढं त्यांना पुरे होतं.

अशाच पळापळीत आजी बिनटोचलेली राहिली. पाचेक वर्षांची असताना तिला आणि तिच्या धाकट्या भावाला एकदमच बाया आल्या, म्हणजे देवी निघाल्या. घरात फोडणी बंद, दारात कडुलिंबाचे डहाळे, आल्यागेल्यानं पाय धुऊन आत यायचं. रोग हा शब्द कुणी काढायचा नाही, देवीला राग येतो. आजी उठली, भाऊ उठला नाही. आजीचं तोंड शेवटपर्यंत वणांनी भरलेलं होतं, आणि दंड मात्र कोरा.

आपल्या आईला तिनं यासाठी कधी बोल लावला नाही. "तिला काय ठावं? दुसऱ्याच्या पोराचा पू आपल्या पोराला लावत्यात, असं तिच्या आईनं सांगितल्यालं."

हे मी पुष्कळ वर्षं अडाणीपणाच्या खात्यात टाकलं होतं. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की आजीची आजी खरं तेच सांगत होती. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. व्हिएन्नाहून बगदाद, बसऱ्यामार्गे आलेली ती लस तिच्या दंडावर धरली आणि तिथल्या फोडातला द्रव काढून पुढच्या मुलांना लावला. पुण्याला, सुरतेला, मद्रासेला लस गेली ती याच साखळीतून. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, ही पद्धत पुढे अनेक दशकं चालली. आठव्या दिवशी फोड भरला की त्या मुलाला पुढच्या गावी घेऊन जायचं, कारण लस त्याच्या अंगात. ज्याच्या पोराचा दंड सरकारनं असा वापरायला काढला, त्या बापाला काय वाटत असेल? आणि सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात कुणाचा द्रव कुणाच्या अंगात जातो, हा प्रश्न साधा नव्हता.

आजीच्या जन्मापर्यंत ती पद्धत मागे पडली होती. बेळगावच्या संस्थेत वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि नळीत भरून येऊ लागली. गावात मात्र भीती पन्नास वर्षांपूर्वीचीच चालू होती. बदललेली पद्धत कुणी येऊन सांगितलीच नव्हती. आला तो कायदा. मुंबई शहरात १८७७ साली आणि जिल्ह्यांसाठी १८९२ साली. गंमत अशी की विलायतेत १८९८ साली पार्लमेंटनं आईबापांना मनाला पटत नसेल तर लस नाकारायची सवलत दिली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी साथरोगाचा कायदा आला होता, आणि प्लेगच्या नावाखाली सोजीर घरात घुसत होते.

प्लेगची आठवण निघाली की म्हातारी माणसं मोमियाईवर घसरत. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून औषध गाळतात, ही ती अफवा. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, तो असल्याच भीतीपोटी.

आमच्या घरात या गोष्टीची दुसरी बाजू सांगणारेही एक होते. आईचे मामा. जिल्हा लोकलबोर्डाकडे व्हॅक्सिनेटर म्हणून लागले आणि खांद्याला पेटी अडकवून तालुकाभर हिंडले. त्यांचं म्हणणं, लोक सुईला भीत नव्हते, वहीला भीत होते. पोरांची नावं, बापाचं नाव, वय, जात, सगळं वहीत. कुठं नदीवर पुलाचं काम निघालेलं असलं की झालंच. पायात गाडायला सरकार पोरं मोजतंय! मग अख्ख्या आळीत एकही पोर जन्माला आलेलं नसे. मामाआजोबा वही पेटीत ठेवत आणि पारावर बसून पाणी मागत.

माझ्या वडिलांना त्यांनीच टोचलं. दोन घरांची सोयरीक जुळायला तेव्हा अजून वीस वर्षं होती. हा प्रसंग मी आजी आणि मामाआजोबा, दोघांच्याही तोंडून ऐकलाय, आणि फारसा फरक नाही. आजी पोराला पदराखाली घेऊन उंबऱ्यावर बसलेली. तिनं हत्यार बघायला मागितलं. एका दांडीला बारीक दात्यांची चकती. ती दंडावर टेकवून फिरवायची. मामाआजोबांनी ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली, गार होऊ दिली, मग नळी फोडून लसीचा थेंब दंडावर ठेवला.

"काय हुईल ह्याला?" आजीनं विचारलं.

"ताप येईल. दंड सुजेल, फोड येईल. पोर दोन-तीन रात्री तुम्हाला झोपू द्यायचं नाही. मग खपली धरेल आणि वण राहील."

"आन् तोंडावर?"

"तोंडावर काही येणार नाही."

आजीनं दंड पुढे केला. ती मला म्हणाली होती, "त्यो जर म्हणला असता ना, काय होत न्हाई, तर म्या दार लावलं असतं."

लस नाकारणारे सगळे अडाणी होते असं समजायचं कारण नाही. गांधीजींचा देवीच्या लशीला विरोध होता आणि तो त्यांनी लिहून ठेवला आहे. १९३० साली साबरमतीच्या आश्रमात देवीनं मुलं दगावली तेव्हाही त्यांनी मत बदललं नाही. १९५५ साली बीसीजीच्या मोहिमेविरुद्ध राजाजींनी पुस्तिका काढली. एवढी मोठी माणसं चुकली ती चुकलीच. देवीचा रोग जगातून गेला तो त्या टोचणीनं. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला. तेव्हा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये देण्यापर्यंत सरकार आलं होतं.

आणि त्याच सुमारास सरकारनं मिळवलेला विश्वास उधळायला काढला.

१९७६ साली मी बार्शीत तिसरीत होतो. जानेवारीत गावात कुटुंबनियोजनाची मोहीम निघाली आणि रस्त्यावरून माणसं उचलून नसबंद्या केल्या गेल्या. बाजाराला आलेले खेड्यातले शेतकरीही त्यात सापडले. बार्शीचं नाव त्यामुळे देशभर झालं. त्याच वर्षी विधानसभेनं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. संमती लागत होती ती राष्ट्रपतींची.

पावसाळा सरल्यावर एक दिवस आमच्या शाळेच्या दारात जीप थांबली. बीसीजी टोचायला आले होते. ओळीनं उभं राहा म्हणेपर्यंत बाहेर कुणीतरी ओरडलं की पोरांची नसबंदी करायला आलेत. वरच्या वर्गातली पोरं खिडकीतून उड्या टाकून गेली. घटकाभरात आया फाटकावर. हेडमास्तर पायरीवर उभे राहून घसा फोडून सांगत होते, "काही होत नाही! काही होत नाही!" माझी आई आली ती कुणाशी बोललीच नाही, मला शर्टाला धरून बाहेर काढलं. दप्तर वर्गातच राहिलं.

संध्याकाळी मामाआजोबा घरी आले. ते निवृत्त झाले होते. आम्हाला वाटलं आईला रागावतील. ते म्हणाले, "मास्तर परवापर्यंत केसेस गोळा करत होता, आज पोरं गोळा करतोय. आयांनी काय समजायचं?" शिक्षकांना तेव्हा नसबंदीच्या केसेसचा कोटा होता, आणणार नाही त्याचा पगार अडे. पुढच्या आठवड्यात मामाआजोबांनीच मला दवाखान्यात नेऊन बीसीजी टोचून आणली. नेण्याआधी आईला समोर बसवून सांगितलं: महिन्याभरानं फोड येईल, पू धरेल, त्याला हळद-तेल काही लावायचं नाही, वण राहील. आई म्हणाली, न्या.

यानंतर पन्नास वर्षं होत आली. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस प्रकल्प म्हणून दिली. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर सह्या होत्या वॉर्डनच्या. काही मुली दगावल्या, पुढच्या वर्षी प्रकल्प थांबवला. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असं चौकशी समितीचं मत पडलं, पण त्या सह्यांना कुणाकडे उत्तर नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात बारा बाळांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. त्या भागातल्या एखाद्या आईनं पुढच्या वेळी बाटली हातात घेऊन वाचायला मागितली, तर तिला गैरसमज पसरवणारी म्हणायचं का?

गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. मोबाइलवर अफवांचा पूर आला, मुंबईतल्या काही उर्दू शाळांत पालकांनी मुलं पाठवली नाहीत. माझ्या भाचीला शाळेतून निरोप आला तो असा: उद्या लसीकरण आहे, पाल्यास नाश्ता देऊन पाठवावे. बस, एवढंच. तिनं मला फोन केला, "मामा, देऊ का?" दे, म्हटलं. दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल, आठवड्यानं अंगावर पुरळही दिसेल कदाचित, तरी दे. ती म्हणाली, हे शाळेनं का नाही लिहिलं? दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या सरकारला सांगितलं की पालकांच्या संमतीशिवाय शाळेत ही लस देता येणार नाही, आणि लशीचे गुणदोष जाहिरातीत छापा. अधिकारी मंडळी कुरकुरली. मला तो निकाल मामाआजोबांनी लिहिल्यासारखा वाटला.

आरोग्यखात्यात, शाळेत, अंगणवाडीत जे कुणी हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगणं आहे: निरोपात दोन ओळी जास्त घाला, ताप येईल हे लिहा आणि कुणाला फोन करायचा तो नंबर द्या. आणि आईबापांनो, विचारा, बाटली बघायला मागा, मग दंड पुढे करा. गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ पासून फुकट मिळते. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत मुलं गोवरानंच गेली.