टक्कल 'व्यंग' केव्हा ठरले? कुलाब्याच्या किनाऱ्यावरील केसांचा इतिहास

१/८
१९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राहणाऱ्या पुरुषाला टकलाची आजच्याइतकी धास्ती नसावी. त्याचे कारण औषधांत नव्हे, वस्तऱ्यात सापडते.

२/८
एकोणिसाव्या शतकात येथील बहुतेक हिंदू पुरुष डोक्याची हजामत करवून शेंडी राखत. अलिबाग परिसरातील बेने इस्रायली पुरुषांत दोन्ही कानांवर एकेक बट ठेवण्याची रीत होती. केसांवरून समाज ओळखू येई. टक्कल मात्र लपून जाई, कारण तासलेल्या डोक्यावर गळालेल्या केसांचा हिशेब कोण ठेवणार?

३/८
शिवाय चारचौघांत बोडके जाणे असभ्य मानले जाई. पगडी, पागोटे, रुमाल यांवरून माणसाची पत ठरे. डोक्याची प्रतिष्ठा केसांत नव्हती, कापडात होती.

४/८
इंग्रजी शिक्षण आणि कचेरीच्या नोकरीबरोबर तरुण केस राखू लागले. घरच्या वडीलधाऱ्यांना तो धर्मलोप वाटे. पुढे पागोट्याची टोपी झाली, टोपीही उतरली. आता केस उघड्यावर आले, आणि त्यांचे जाणेही.

५/८
उपाय हाताशी होता तो तेलाचा. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरल्याची परंपरा सांगणारे बेने इस्रायली घाणीवर तेल गाळत. शनिवारी घाणी बंद, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे नारळाच्या वाड्याही होत्या. पण तेल केसाला जपते, गेलेला केस परत आणत नाही.

६/८
कारण दडले होते मुळाशी. पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता यांचा टकलाशी असलेला संबंध अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवला. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मंजूर झाले. १९९७ मध्ये प्रोस्टेटवरील फिनास्टेराइडची कमी मात्रेची गोळी आली. दोन्ही थांबवली की मिळालेला लाभ ओसरतो.

७/८
'पॅराशूट' खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्या मॅरिकोने २००२ मध्ये 'काया' ही त्वचा-उपचार केंद्रे सुरू केली. तेलाची बाटली आणि लेझरचे यंत्र एकाच घराण्यात नांदू लागले. दुसरीकडे, भारतीय औषध नियमांच्या 'अनुसूची जे'मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. त्यावर हमखास इलाजाचा दावा करण्यास औषध उत्पादकांना मनाई आहे. तरीही भिंतींवरील जाहिराती तसेच अभिवचन देत राहतात.

८/८
पेणच्या किंवा अलिबागच्या पंचविशीतल्या मुलाचे केस त्याच्या पणजोबांइतकेच, त्याच कारणाने गळत असतील. पणजोबांचे लग्न त्यामुळे अडले नसते, कारण वस्तऱ्याने सगळ्यांना सारखे केले होते. उपचार घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र 'टक्कल म्हणजे कमीपणा' ही समजूत सनातन नाही. तिचे वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे आहे.