मुलतानी माती आणि रुसलेला बोका

गेल्या महिन्यात एका सोमवारी, हापिसात निघायच्या बरोब्बर दहा मिनिटं आधी, आमच्या बोक्याने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत कार्यक्रम उरकला. त्यानंतर गादी, मग पायपुसणं, मग पुन्हा बॅग. त्याचा लिटर बॉक्स मात्र कोरडा ठणठणीत!

बंड्या तीन वर्षांचा आहे. वाकडच्या सातव्या मजल्यावर राहतो, घराबाहेर कधीच गेलेला नाही. पिल्लू असताना आणला तेव्हा त्याच्यासमोर वाळू भरलेला ट्रे ठेवला. त्याने उकरलं, बसला, झाकलं, संपलं. मी चारचौघांत ऐटीत सांगायचो की मी त्याला 'ट्रेन' केलं. साफ थाप होती ती! घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली रानमांजरं, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं. सायप्रसमध्ये तर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय. सुटी, भुसभुशीत जमीन दिसली की उकरायचं आणि झाकायचं, हे त्यांच्यात मुळातच आहे. मी फक्त वाळू विकत आणली होती.

पण मग इतकी हजार वर्षं घरात वाळूचा ट्रे होता का? अजिबात नाही. माझ्या आजीकडेही मांजर होतं, ते परसात जाऊन उरकून यायचं. अमेरिकेतही तोच प्रकार. मांजर बाहेर सोडायचं, आणि कडाक्याच्या थंडीत फारच अडलं तर एखाद्या खोक्यात माती, वाळू किंवा शेगडीतली राख. वास यायचा तो यायचाच, कारण मांजराच्या मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि राखेला तो आवरत नाही.

आता गोष्टीतला हीरो. जानेवारी १९४७, मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस नावाचं छोटं गाव. एड लो हा नौदलातून परतलेला सव्वीस वर्षांचा पोरगा (म्हणजे माझ्याहून लहान, आयला) वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला लाकडाचा भुसा आणि माती विकायची, हा तो धंदा. शेजारच्या बाई वाळू मागायला आल्या. त्यांची वाळू थंडीने गोठली होती आणि राख वापरली तर मांजराच्या काळ्या पावलांची रांगोळी घरभर उठत होती. लोने त्यांना वाळूऐवजी 'फुलर्स अर्थ' नावाची माती दिली. बाई खूश! पुन्हा मागायला आल्या.

लोने पाच-पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या, दहा पिशव्या भरल्या, त्यावर हाताने 'किटी लिटर' लिहिलं आणि दुकानात नेल्या. किंमत ६५ सेंट. दुकानदाराला काही पटेना. वाळू मातीमोल मिळत असताना हे कोण घेणार? लो म्हणाला, मग फुकट वाटा. फुकट नेणारे परत आले ते पैसे मोजायला तयार होऊन. पुढे हा माणूस मांजरांच्या प्रदर्शनांत जाऊन तिथले ट्रे स्वतः साफ करायचा आणि त्या बदल्यात स्टॉलला जागा मिळवायचा. आमच्या सेल्सवाल्यांना हे ऐकवायला हवं. असो.

खरी गंमत पुढे आहे. फुलर्स अर्थ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली मुलतानी माती! हो, तोंडाला फासतात तीच. फुलर म्हणजे लोकरीचं कापड धुऊन घट्ट करणारा कारागीर; ही माती लोकरीतला तेलकटपणा ओढून घेते म्हणून तिला त्याचं नाव. आणि रोमन काळात हे कारागीर कापड धुवायला या मातीबरोबर काय वापरायचे? साठवलेलं मूत्र. सम्राट व्हेस्पेशियनने त्यावर कर लावला होता. म्हणजे या दोन गोष्टींची ओळख १९४७ च्या कितीतरी आधीची.

१९८४ मध्ये थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट वापरलं. ही माती ओली झाली की फुगून गोळा होते, तेवढाच गोळा काढून टाकायचा. आपल्याकडे कच्छमध्ये बेंटोनाइटचे मोठे साठे आहेत. लो १९९५ मध्ये वारला तोवर कोट्यवधी मांजरं कायमची घरात आली होती. माझ्या मते मांजर 'घरातलं' झालं ते त्या मातीमुळे. दार आपण लावून घेतलं, आणि बदल्यात त्याला एक ट्रे दिला.

आणि मी काय केलं होतं? सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून लव्हेंडरच्या वासाची वाळू आणली. ट्रे हॉलमधून उचलून वॉशिंग मशीनशेजारी नेला. वर बंड्याला ओरडलो. दोन आठवडे मला वाटत होतं की हा माज करतोय. मग एका रात्री तो बाथरूममध्ये नुसताच कुंथत बसलेला दिसला. थेंब थेंब येत होतं, आणि त्यात रक्त.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूत्राशयाला सूज आहे. बोक्यांची नळी अरुंद असते. पूर्ण अडली असती तर एक-दोन दिवसांत गेला असता. त्याला तिथे दुखतं, म्हणून तो ट्रेला घाबरतो. तुम्ही आधी का नाही आलात?"

काय उत्तर देणार?

औषधं झाली. पाणी जास्त पोटात जावं म्हणून ओलं खाणं सुरू केलं. बिनवासाची वाळू आणली, ट्रे मूळ जागी आला, शिवाय एक जास्तीचा बेडरूममध्ये. गादीला एन्झाइमवालं क्लीनर लावलं, कारण साध्या फिनाइलने वास आपल्याला जातो, मांजराला नाही. नवव्या दिवशी पहाटे साडेचारला वाळू खरवडल्याचा आवाज आला आणि मी अंथरुणात उठून बसलो.

बॅग मात्र टाकूनच द्यावी लागली.